२००५ आधीचं फॉइल कुणी पाहिलंय का? फ्लिकच्या जमान्याबद्दल सांगा

लेकीची_किटबॅग
नमस्कार मंडळी. लेक फॉइल (तलवारबाजीतला एक प्रकार) खेळते. हल्ली यूट्यूबवर नव्वदच्या दशकातल्या लढती बघत बसते. त्यात पातं समोरच्याच्या खांद्यावरून वळून चक्क पाठीवर लागतं! तिच्या सरांनी तंबी दिलीय, "बघ, पण तसं करू नकोस." आता तसं का दिसत नाही? आणि त्या काळातलं नेमकं काय बघावं?

जुना_लॅमे
ताई, विषय काढलात आणि माझी पाठ ठणकली. नव्वदच्या शेवटी आम्ही औरंगाबादला खेळायचो, तेव्हा फ्लिक म्हणजे सगळ्यांचं वेड. मनगटाला झटका द्यायचा, गळ टाकावा तसं पातं वाकतं आणि टोक खांद्यामागे टेकतं. समोरचा पॅरीला (वार अडवायला) हात उचलेपर्यंत वार लागल्याचा दिवा लागलेला. अंघोळीला शर्ट काढला की खांद्याच्या पाळीवर गोल गोल निळे डाग. आई विचारायची, "कुणी मारलं रे?"

हे जमायचं ते वार नोंदवणाऱ्या मशीनमुळे. टोक १ ते ५ मिलिसेकंद दाबलं गेलं तरी दिवा लागायचा. अथेन्स २००४ नंतर ती वेळ १३ ते १५ मिलिसेकंद केली. फ्लिकमध्ये टोक नुसतं चाटून जातं, इतका वेळ सहसा टिकत नाही. त्यामुळे सरांचं बरोबर आहे, पोरीने तसं मारलं तर नुसती पाठ शेकेल, दिवा बहुधा लागणार नाही.

बघायचं असेल तर सेर्गेई गोलुबित्स्की. युक्रेनचा, १९९७, ९८ आणि ९९ असा सलग तीनदा विश्वविजेता. ऑलिंपिक सुवर्ण मात्र नाहीच मिळालं, बार्सिलोनात १९९२ ला फिलिप ओम्नेसने अडवलं. मित्राकडे त्याच्या लढतींची एक घासलेली व्हीसीडी होती. अडकायची तिथे आम्ही उठून पुढचा वार स्वतः करून दाखवायचो.

पांढरा_दिवा
लॅमेदादा, आठवणी गोड असतात, पण दुसरी बाजूही सांगा की. हात मागे ओढलेला, टोक छताकडे, आणि गडी नुसता धावत सुटलाय. दोघांचेही वार लागले की गुण हल्ला करणाऱ्याला, आणि रेफ्री म्हणणार, हल्ला याचाच! समोरच्याने सरळ हात लांबवून टोक छातीवर टेकवलं तरी गुण त्या धावणाऱ्याला. नवख्या प्रेक्षकाला काय डोंबल कळणार? बदल झाला ते बरंच झालं.

जुना_लॅमे
धावत सुटण्याबद्दल मान्य. पण ते आजही चालतंच, तेव्हा सगळं खापर फ्लिकवर फोडू नका. आणि त्याच वेळी दोन दिव्यांमधली मुभा (एकाचा वार लागल्यावर दुसऱ्याला मिळणारा वेळ) ७५० वरून ३०० मिलिसेकंदांवर आणली, त्याचं काय? पूर्वी पॅरी करून जरा दम खाऊन रिपोस्ट (अडवल्यानंतरचा उलटा वार) मारला तरी दिवा लागायचा. आता उशीर झाला की मशीन बंद. आमच्यासारख्या आळशी बचाववाल्यांचं दुकानच उठलं.

येसीची_फॅन
पुरुषांचंच काय घेऊन बसलात! व्हॅलेंतिना वेत्साली बघा. सिडनी, अथेन्स, बीजिंग, वैयक्तिक सुवर्णांची हॅटट्रिक. म्हणजे मशीन बदलायच्या आधीही तीच आणि नंतरही तीच. बीजिंगची अंतिम लढत नाम ह्यून-हीशी, फक्त ६-५! मिनिटंच्या मिनिटं दिवा लागत नाही, दोघी नुसत्या टोकाने टोक चाचपतायत, आणि घड्याळ संपता संपता वेत्सालीने साधलं. मला १५-१४ अशा भरपूर गुणांच्या लढतींपेक्षा ही लढत जास्त आवडते, लोक कंटाळवाणी म्हणतात ते म्हणोत. ती, तिच्याआधीची त्रिल्लिनी आणि नंतरची दि फ्रान्चिस्का, तिघीही येसी नावाच्या छोट्या इटालियन गावातल्या. तिघींकडेही वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण!

लेकीची_किटबॅग
बाप रे, मिलिसेकंदांचा एवढा खेळ! लेक डावखुरी आहे. तिला सुरुवातीला काय दाखवू?

जुना_लॅमे
आधी सिडनी २०००, किम यंग-हो विरुद्ध राल्फ बिसडोर्फ. १५-१४, कोरियाचं तलवारबाजीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. मग पेटर योपिशच्या २००३ आणि २००६ च्या लढती, लागोपाठ. जर्मनीचा, तिच्यासारखाच डावखुरा. दोन्ही वर्षी विश्वविजेता, पण मधे मशीन बदललेलं. आवाज बंद करून बघायला सांगा आणि पात्याकडे नको, पायांकडे लक्ष द्या म्हणावं.

पांढरा_दिवा
योपिशबद्दल मात्र दादांशी एकमत. तारीख लिहून ठेवा.