मदत हवी आहे : मोल्सवर्थ आडनावाचा माग कसा काढावा?

मंडळी, १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचे कर्ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या आडनावाबद्दल विचारायचंय.

इंग्लंडात मोल्सवर्थ नावाचं एक छोटं गाव आहे. पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये होतं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये. (१९८० च्या दशकात क्षेपणास्त्रविरोधी आंदोलनामुळे गाजलं तेच.) आपल्या 'कर' आडनावांसारखं हे गावावरून पडलेलं, इथवर ठीक. पण पुढे याच आडनावाची मंडळी कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोला जमीनदार म्हणून दिसतात, आणि आयर्लंडमध्ये रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) होतात. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या नावाचा.

माझा प्रश्न : या सगळ्या शाखा एकाच मुळाच्या, की गाव सोडून गेलेल्या वेगवेगळ्या लोकांना तेच नाव चिकटलं? आणि कोशकार कुठल्या शाखेतले?

इंग्लंडातल्या चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, म्हणजे आडनावं पडल्यानंतर बऱ्याच उशिरा. त्याआधीचं काय बघायचं? कराच्या याद्या, मृत्युपत्रं? १८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे जिल्हावार नकाशे करतात, ते फुकट कुठे बघता येतील? तिकडे राहणाऱ्या कुणी असं काम केलं असेल तर सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा.