डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब झाले तेव्हा काय केलंत? अनुभव सांगा

संगणक सुरू होतो, वॉलपेपर येतो आणि त्यावर काहीच नसतं. हे घरोघरी होतं, आणि पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून टाका’. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. तोवर फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट फक्त दिसत नसतात. फॉरमॅटनंतर ते खरोखर जातात. म्हणून हा धागा. तुमच्याकडे नेमकं काय दिसत होतं, खालची पट्टी होती का, रिसायकल बिन होती का आणि कशाने परत आलं ते लिहा. विंडोज १० की ११ तेही सांगा, कारण मेन्यूंच्या जागा बदलल्या आहेत.

सुरुवात मी करतो. शेजारच्या काकूंकडे नातवंडं सुट्टीला आली होती, त्यानंतर डेस्कटॉप रिकामा. रिकाम्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, त्यात सगळ्यात खाली ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’. तिथली बरोबरची खूण निघाली होती. खूण केली आणि सगळं जागच्या जागी आलं. आधी एवढं बघा, मग पुढचं.

*

नाशिकहून लिहितोय. आमच्याकडे टास्कबारही, म्हणजे खालची पट्टीही गेली होती. नुसता वॉलपेपर आणि माउसचा बाण, राइट क्लिकला काही उत्तर नाही. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं एक्सप्लोरर नावाचा एकच प्रोग्रॅम दाखवतो. तो बंद पडला की हे सगळं एकदम दिसेनासं होतं, पण संगणक आतून चालूच असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, फाइल मेन्यूतून ‘रन न्यू टास्क’ घेतलं, तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर. लगेच सगळं आलं.

पण दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी लक्षात आलं की झिप फाइली उघडायला एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकल्यापासून हे सुरू झालंय. असली सॉफ्टवेअर राइट क्लिकच्या मेन्यूत स्वतःची भर घालतात, म्हणजे एक्सप्लोररच्या आत जाऊन बसतात. ते काढून टाकलं, तेव्हापासून त्रास नाही. (विंडोज १०. नव्या ११ मध्ये ‘रन न्यू टास्क’चं बटण वरच दिसतं.)

*

मी परदेशात, आईबाबा कोल्हापूरला. बाबांचा फोन आला, “अगं, माझं सगळं गेलं. नुसते मोठे मोठे चौकोन दिसतायत, फरशी घातल्यासारखे.” चौकोन म्हटल्यावर मला जरा धीर आला. त्यांचा लॅपटॉप टचस्क्रीनचा, विंडोज १० चा. टॅब्लेट मोड चालू झाला की डेस्कटॉपऐवजी स्टार्टच्या टाइल्स पूर्ण पडदाभर येतात.

“बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या पलीकडे एक चिन्ह आहे, त्यावर टिचकी मारा.”
“मारली. बरीच बटणं आली.”
“त्यात टॅब्लेट मोड असं लिहिलेलं दिसतंय का?”
“आहे. निळं आहे.”
“तेच दाबा.”

फोनवर आधी आईचा आवाज आला, “आले, आले!” घरच्यांना फोनवर मदत करणाऱ्यांना एक सांगते. काय करायचं ते सांगण्याआधी त्यांना काय दिसतंय ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या. आणि आईवडिलांना बजावून ठेवा की अनोळखी माणसाने फोन करून संगणक दुरुस्त करतो म्हटलं, तर त्याला कुठलाही कोड द्यायचा नाही.

*

आमचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं काम. ऐन लग्नसराईत वीज गेली आणि पीसी धाडकन बंद पडला. वीज आल्यावर सुरू केला तर डेस्कटॉप नव्या मशीनसारखा कोरा. पत्रिकांच्या फाइली नाहीत, वॉलपेपरही मूळचा. पडद्यावर इंग्रजीत सूचना होती की तुम्ही टेम्पररी प्रोफाइलमध्ये आहात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. विंडोजला तुमचं खातं वाचता आलं नाही, म्हणून त्याने तात्पुरतं खातं उघडून दिलं. इथे डेस्कटॉपवर नवीन काहीही सेव्ह करू नका, साइन आउट झालं की ते पुसलं जातं. जुनं काम मात्र सी ड्राइव्हमध्ये यूझर्स या फोल्डरात तुमच्या नावाखाली असतं, त्यातच डेस्कटॉप नावाचा फोल्डर. मी आधी तो सगळा पेन ड्राइव्हवर घेतला, मगच रीस्टार्ट केलं. काहींचं रीस्टार्टने सुटतं, माझं सुटलं नाही. नवीन यूझर खातं काढून फाइली त्यात आणल्या. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत जाऊन जुनं खातंही सुधारता येतं, पण जाणकार जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

*

शिक्षिका आहे. निकालपत्रकं डेस्कटॉपवर असायची. वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा बॅकअप बंद केला आणि डेस्कटॉपवरच्या फाइली दिसेनात. भाच्याने दाखवलं की बॅकअप चालू असताना डेस्कटॉपचा फोल्डरच वनड्राइव्हच्या आत गेलेला असतो. बॅकअप बंद केल्यावर विंडोज पुन्हा जुना फोल्डर दाखवतं, फाइली वनड्राइव्हच्या डेस्कटॉप फोल्डरात तशाच राहतात. तिथून उचलून इकडे आणल्या. ज्यांच्याकडे फुकटचं ५ जीबी भरत आलंय आणि म्हणून बॅकअप बंद करणार आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

*

जुन्या विंडोज एक्सपीवाल्यांना आठवत असेल, दर ६० दिवसांनी न वापरलेले शॉर्टकट आवरून एका वेगळ्या फोल्डरात टाकण्याची सोय त्यात होती. आमच्या ऑफिसात त्यावरून बरीच शोधाशोध व्हायची.

*

माझी शंका आहे. सगळं आहे, फक्त ‘धिस पीसी’, म्हणजे सी वगैरे ड्राइव्ह उघडायचा आयकॉन नाही. नवीन लॅपटॉप, विंडोज ११. बिघाड आहे का?

*

बिघाड नाही, विंडोज १० आणि ११ मध्ये ते मुळात बाहेर ठेवलेलंच नसतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, थीम्स, त्यात ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. ‘कॉम्प्युटर’समोर खूण करा आणि ओके म्हणा. रिसायकल बिन हरवली असेल तर तीही तिथूनच परत येते.