‘ब्ल्यू पुलमन’ : दोष गाडीचा की धोरणाचा?

रूळप्रेमी (धागाकर्ता)
ब्रिटिश रेल्वेच्या ‘ब्ल्यू पुलमन’ या जादा भाड्याच्या आलिशान डिझेल गाड्यांचा विषय निघाला की निळा-पांढरा रंग, दुहेरी काचांमधले पडदे, वातानुकूलित डबे आणि जागेवर येणारे जेवण यांच्या कौतुकावरच चर्चा थांबते. माझा आक्षेप गाडीच्या बांधणीवर नाही, ती वापरण्याच्या हिशेबावर आहे. ४ जुलै १९६० रोजी मँचेस्टर सेंट्रल ते लंडन सेंट पँक्रस ही सेवा सुरू झाली. तिच्यासाठी सहा डब्यांचे दोन संच बांधले होते. प्रत्येकी १३२ आसने, तीही सगळी पहिल्या वर्गाची. एक संच धावायचा आणि दुसरा राखीव उभा असायचा. सकाळी लंडनला पोहोचलेली गाडी संध्याकाळपर्यंत रिकामी राहू नये म्हणून दुपारी लेस्टरची फेरी घातली गेली. पण एवढ्या जवळच्या प्रवासासाठी पहिल्या वर्गाचे भाडे आणि त्यावर पुलमनचा अधिभार भरायला उतारू कुठून मिळणार?

पॉइंट्समन
हा निकाल एकांगी वाटतो. त्या वर्षांत लंडनच्या युस्टन स्थानकाहून मँचेस्टरला जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाच्या विद्युतीकरणाचे काम चालू होते आणि त्यामुळे तिकडच्या गाड्या रखडत होत्या. व्यापारी प्रवासी रेल्वेपासून तुटू नये यासाठी केलेली ही तात्पुरती सोय होती, आणि विजेच्या गाड्या आल्यावर एप्रिल १९६६ मध्ये ती बंद झाली. नेमून दिलेले काम तिने पार पाडले.

खरा दोष बोगीत होता. (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, इथे डब्याखालचा चाकांचा गाडा अभिप्रेत आहे.) स्विस धाटणीची ही बोगी ब्रिटिश रुळांवर, विशेषतः वेग वाढल्यावर, इतकी हादरे की जास्तीचे पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाला चहाचा कप सांभाळावा लागे. आरामाच्या नावाने विकलेल्या गाडीत हे अक्षम्य होते, आणि त्याचे खापर धोरणावर फोडता येणार नाही.

निळी खिडकी
दोघेही मँचेस्टरपाशीच अडकला आहात. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न विभागाचे आठ डब्यांचे तीन संच १२ सप्टेंबर १९६० पासून लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅमकडे धावू लागले, त्यांत २२८ आसने होती आणि त्यांपैकी १२० दुसऱ्या वर्गाची होती. म्हणजे ‘फक्त श्रीमंतांची गाडी’ हा आरोप निम्माच खरा ठरतो. दोन्ही टोकांना प्रत्येकी १००० अश्वशक्तीचे इंजिन असल्यामुळे शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवून लावण्याची खटपट नव्हती. १९७६ साली प्रवासी सेवेत आलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या ‘हायस्पीड ट्रेन’ या डिझेल गाडीची मांडणी हीच होती, हे मान्य करायला काय हरकत आहे?

रूळप्रेमी
बोगीचा मुद्दा मान्य. मी तो कमी लेखला. हायस्पीड ट्रेनचे नाते मात्र मला उलटे दिसते. दोन्ही टोकांना इंजिन ही कल्पना पुढे चालली, पण अधिभार घेऊन वेगळा वर्ग बसवण्याची कल्पना टाकूनच ती गाडी यशस्वी झाली. १९७१ पासून साध्या तिकिटाच्या ‘मार्क-२’ या ब्रिटिश रेल्वेच्या नेहमीच्या डब्यांतही वातानुकूलन येऊ लागले, आणि तेही अधिक शांतपणे धावणाऱ्या डब्यांत. मग पुलमनसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण काय उरले? तिचा कमाल वेग ताशी ९० मैल होता, हायस्पीड ट्रेनचा १२५. निव्वळ आकृतिसाम्यावरून वंशावळ लावू नये.

पॉइंट्समन
वंशावळ नको, पण सबंध गाडी एकसंध संच म्हणून चालवण्याचा अनुभव अभियंत्यांनी कुठे घेतला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बोगीची चूक इथे दिसली नसती तर ती पुढच्या गाडीत, अधिक वेगात दिसली असती.

निळी खिडकी
आणि तो अनुभव तपासायला आज एकही डबा जागेवर नाही. ४ मे १९७३ रोजी शेवटची नियमित फेरी झाली आणि त्यानंतर सगळे संच भंगारात गेले. वाफेच्या इंजिनांसाठी वर्गणी काढणाऱ्या देशात या गाडीचे एक टोकसुद्धा कोणी राखून ठेवले नाही, याचे मला धोरण आणि बोगी या दोहोंपेक्षा जास्त नवल वाटते.