हार्डविक हॉलच्या दगडी भिंतीत एवढ्या खिडक्या कशा मावल्या?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
सप्रेम नमस्कार. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील हार्डविक हॉल या दगडी वाड्याची छायाचित्रे सध्या मी पाहत आहे. १५९० च्या दशकात बांधलेल्या या तीन मजली घराच्या दर्शनी भागात भिंतीपेक्षा काचच जास्त दिसते. आमच्या लष्कर भागातील घराच्या भिंती दीड हात जाड, खिडक्या मात्र हातभरच रुंद. दगडी भिंतीला मोठे भोक पाडले की ती बसते, असे आजोबा सांगत. मग तो वाडा चारशे वर्षांहून अधिक काळ उभा कसा? आतून लोखंड घातले आहे का?

उत्तर १
लोखंडाचा आधार नाही. खरी मेख घराच्या पोटात आहे. शेकोट्या आणि धुरांडी बाहेरच्या भिंतीत असली, की तेवढी जागा अडते आणि तिथे खिडकी काढता येत नाही. ज्याच्याकडे या आराखड्याचे श्रेय जाते, त्या रॉबर्ट स्मिथसनने ती आतल्या भिंतींत घेतल्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांसाठी मोकळी झाली. शिवाय घराला सहा मनोरे असल्याने भिंत सलग सरळ न जाता जागोजागी दुमडते. कोरा कागद उभा राहत नाही, घडी घातलेला राहतो, तसेच हे. खिडकी म्हणजेही नुसते भोक नव्हे, तिच्यात दगडाचे उभे-आडवे दांडे आहेत. काच मात्र काहीच पेलत नाही. त्या काळी मोठी तावदाने करणे अवघड असल्याने लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवीत.

उत्तर २
वरील उत्तरात मालकिणीचा उल्लेख राहिला, आणि माझ्या मते तिच्याशिवाय हे घर समजत नाही. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’, हिने काच महाग असतानाही एवढी काच लावली, ती श्रीमंती दुरून दिसावी म्हणून. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिच्या नावाची ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरे दगडात कोरून उभी केली आहेत. नम्रतेचा तो नमुना नव्हे! खिडक्या वरच्या मजल्यांवर उंच होत जातात, कारण मानाची दालने सर्वांत वर आहेत. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील राजा मानसिंह तोमराचा महाल, मानमंदिर, हाही वालुकाश्माचाच आणि याहून सुमारे शंभर वर्षे जुना. पण तिथे दगडाची जाळी आहे, कारण आपल्याला ऊन बाहेर ठेवायचे होते आणि तिकडे हिवाळ्यातला तुटपुंजा उजेड आत घ्यायचा होता.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. खरे सांगायचे तर समोरची खिडकी दुप्पट रुंद करण्याचा माझा विचार आहे. उत्तरंगाला, म्हणजे खिडकीच्या माथ्यावर, लांब पटिया (दगडी फळी) टाकली तर चालेल का?

उत्तर १
पटियेचे नंतर पाहू. आधी छताच्या पटिया कोणत्या भिंतींवर टेकल्या आहेत, ते पाहा. समोरच्या भिंतीवर टेकल्या असतील, तर छताचा भार थेट त्या खिडकीवर येईल. हार्डविकसारखी भार वाटून घेणारी आतली भिंत आपल्या घरात आहे का?

प्रश्नकर्ता
आताच गच्चीवर जाऊन पाहिले. सगळ्या पटिया समोरच्याच भिंतीवर टेकल्या आहेत, आणि मधली भिंत वडिलांनी बैठक मोठी करण्यासाठी काढली होती. खिडकी आहे तेवढीच ठेवतो.