हार्डवेअर वॉलेट सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरला जोडू का?

सेतूताई_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्यापासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावात सेतू केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, झेरॉक्स, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. विंडोज १०, सहा वर्षं जुना. दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात, त्यातल्या निम्म्यांच्या हातात पेन ड्राइव्ह असतो. कोणाच्या पेन ड्राइव्हमध्ये काय भरलेलं असतं ते देवच जाणे. माझा अँटीव्हायरस रोज काही ना काही पकडतो.

२०२१ मध्ये मी परदेशातल्या एका माणसाला मराठी ऑडिओ ऐकून टाइप करून द्यायची. रात्री केंद्र बंद केल्यावर बसायची, कधी दीड-दोन वाजायचे. त्यानं मजुरी बिटकॉइनमध्ये दिली. तेव्हा थोडी वाटली, आज ती माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या फीइतकी झाली आहे. ती पुढच्या वर्षी बारावी होईल. ते बिटकॉइन अजून एक्स्चेंजवरच, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडेच आहेत. २०२४ च्या जुलैमध्ये एका भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे दोन हजार कोटींची चोरी झाली. माझे पैसे तिथं नव्हते, पण तेव्हापासून मनात धाकधूक आहे. म्हणून लेजर कंपनीचं नॅनो एस प्लस हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची किल्ली जपणारं छोटं यंत्र मागवलं, कंपनीच्या साइटवरूनच.

आता तीन गोष्टींपाशी अडले आहे. डब्याला सील नव्हतं, तर कोणी आधी उघडला असेल का? मोबाइलच्या केबलनं लावलं तर वॉलेटची स्क्रीन पेटते, पण कॉम्प्युटरला ते दिसतच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, असल्या कॉम्प्युटरला हे जोडावं का? भावाचा मित्र म्हणतो, ‘ताई, एनीडेस्क चालू कर, मी इथून पाच मिनिटांत सेट करून देतो.’ एनीडेस्कनं तो माझा कॉम्प्युटर दुरूनच बघू आणि चालवू शकेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.

संत्रा_वरूड

ताई, केबलचं सांगतो. आठवडी बाजारात मिळतात त्या पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा लागतात, दोन करंटच्या आन् दोन डेटाच्या. स्वस्त केबलमध्ये डेटाच्या ताराच नसतात. म्हणून तुमची स्क्रीन पेटते, पण कॉम्प्युटरले खबर नाही. डब्यात आलेली केबल काढा. हब मधात घालू नका, सीपीयूच्या मागच्या पोर्टमध्ये सरळ खुपसा.

आन् त्या एनीडेस्कवाल्या पोराले नाही म्हणा. पोरगा चांगला असंल, तरी नाही म्हणा.

आर्वीचे_गुरुजी

ताई, तुमचा प्रश्न वाचून जेवण बाजूला ठेवलं आणि लिहायला बसलो. कारण खाली सांगतो.

आधी सील. ही कंपनी डब्याला सील लावतच नाही, ते कोणालाही नकली चिकटवता येतं. अस्सलपणाची खूण आतल्या चिपमध्ये असते. कंपनीचं ॲप उघडून वॉलेट जोडलं की ॲप त्या चिपची परीक्षा घेतं आणि वॉलेट खरं आहे की नाही ते सांगतं. ही तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी खूण डोळ्यांनी पाहायची. वॉलेट सेट करताना ते चोवीस शब्द दाखवतं, त्या शब्दांवरून सगळे पैसे परत मिळवता येतात. ते लिहायचे डब्यातले कागद कोरे असले पाहिजेत. कागदावर आधीच चोवीस शब्द छापलेले किंवा लिहिलेले असतील, तर ते वॉलेट वापरू नका. ते शब्द दुसऱ्या कोणाकडे तरी आहेत.

आता कॉम्प्युटर. तुमच्या चिंतेत अर्धं खरं आहे. वॉलेट म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे. त्यात फाइल साठत नाही, त्यामुळे गावातल्या पेन ड्राइव्हचा व्हायरस त्यात जाऊन बसत नाही. बिटकॉइन पाठवायला लागणारी तुमची गुप्त किल्ली चिपच्या आतच तयार होते आणि आतच राहते. कॉम्प्युटर फक्त ‘इतके पैसे या पत्त्यावर पाठवायचे’ असा मजकूर आत पाठवतो, सही वॉलेटच्या आत होते, आणि तीसुद्धा तुम्ही बटणं दाबून होकार दिल्यावरच. व्हायरसला ते बटण दाबता येत नाही.

पण मजकूर बदलता येतो. तुम्ही पत्ता, म्हणजे बँकेच्या खाते नंबरासारखी अक्षरांची लांब रांग, कॉपी करता आणि पेस्ट होताना तिथं चोराचा पत्ता येतो. असे व्हायरस बरेच फिरतात. बाजार समितीत कापूस मोजताना आपण अडत्याच्या वहीकडे बघतो का? काट्यावरचा आकडा बघतो. इथं काटा म्हणजे वॉलेटची ती दोन बोटांची स्क्रीन. एक्स्चेंजवर पत्ता टाकाल तेव्हा वॉलेटच्या स्क्रीनवर दिसणारं एकेक अक्षर त्याच्याशी जुळवा. पुढची चार आणि मागची चार पाहून भागत नाही, कारण चोर टोकं जुळणारे पत्तेही बनवतात. बिटकॉइनचा पत्ता बहुधा ‘बीसी१’ ने सुरू होईल. वेळ लागतो, लागू द्या.

आता माझं. २०२३ च्या दिवाळीत मी नवा लॅपटॉप घेतला. वॉलेट जुनंच, पिन मला एकट्याला माहीत. ॲपचं नाव सर्चमध्ये टाकलं आणि सगळ्यात वर आलेलं उघडलं. ती जाहिरात होती. हुबेहूब तेच रूप, तीच अक्षरं. ॲप म्हणालं, वॉलेटमध्ये बिघाड आहे, चोवीस शब्द टाइप करा. मी शिक्षक माणूस, सूचना वाचून पाळायची सवय. टाइप केले. अंगणात पणत्या लावून परत आलो तोवर खातं रिकामं होतं. वॉलेट टेबलावर जिथं ठेवलं होतं तिथंच पडलेलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बिटकॉइनचा झालेला व्यवहार उलटा फिरत नाही. बायकोला सांगायला मला चार दिवस लागले.

म्हणून ताई, चोवीस शब्द की-बोर्डवर कधीही टाइप करायचे नाहीत. तुमचं वॉलेट ते शब्द स्वतःच्या स्क्रीनवर दाखवतं आणि परत मागायची वेळ आली तर स्वतःच्या बटणांनीच घेतं. ॲप मागेल, मेल येईल, फोन येईल, पोस्टानं छापील पत्र येईल, कोणालाच द्यायचे नाहीत. २०२० मध्ये या कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी फुटली, सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर गेले. पुढे काहींच्या घरी पोस्टानं नकली वॉलेटसुद्धा आलं. ॲप घेताना ‘लेजर डॉट कॉम’ हे स्वतःच्या हातानं टाइप करा, सर्चमधून जाऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरही नकली ॲप सापडलं होतं. ॲपचं नाव आधी लेजर लाइव्ह होतं, आता लेजर वॉलेट आहे. जुन्या नावानं कुठं दिसलं तर दचकू नका, पण घ्यायचं मूळ साइटवरूनच.

एनीडेस्क नकोच. स्क्रीन दुसऱ्याला दिसत असताना पैशांचं काही उघडू नये.

नागपुरी_लिनक्स

गुरुजींनी मूळ गोष्ट सांगितलीच. मला एवढंच जोडायचं आहे की वॉलेट सुरक्षित आहे म्हणून तो कॉम्प्युटरही चालेल, असं मी म्हणणार नाही. एक्स्चेंजचा पासवर्ड आणि ओटीपी तुम्ही त्याच मशीनवर टाकणार ना? तिथली किल्ली वॉलेटमध्ये नसते, ती चोरता येते. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे.

ताई, तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर तो वापरा. नॅनो एस प्लस ओटीजी केबलनं (फोनला यूएसबीची वस्तू जोडायची छोटी केबल) अँड्रॉइडला थेट जोडता येतं. फक्त तुमचाच फोन, ज्यात लोकांचे पेन ड्राइव्ह लागत नाहीत. ॲपची लिंक मात्र कंपनीच्या साइटवरूनच उघडा.

सेतूताई_दारव्हा

गुरुजी, तुम्ही जे सोसलं ते लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या पोराला मी नाही कळवलं. थोडा रुसला आहे, हरकत नाही.

फोनचं पटलं. पण आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही आणि लाइन गेली की टॉवरही कधी कधी जातो. अपडेट चालू असताना नेट गेलं तर वॉलेट कायमचं बिघडेल का? आणि चोवीस शब्दांचा कागद ठेवायचा कुठं? घर कौलारू आहे, श्रावणात गळतं, मागच्या भिंतीला वाळवी आहे. माझा हात सवयीनं झेरॉक्सकडे जातो, दिवसभर तेच करते ना.

आर्वीचे_गुरुजी

झेरॉक्स नको, फोनमध्ये फोटोही नको. फोटो आपोआप ऑनलाइन चढतात.

अपडेट मध्येच तुटलं तर घाबरू नका. पुन्हा जोडून पुन्हा चालवायचं. वॉलेट अगदी निकामी झालं तरी शब्द कागदावर असतील तर दुसऱ्या वॉलेटमध्ये सगळं परत येतं. म्हणून कागद बरोबर उतरला आहे का हे पैसे पाठवण्याआधी तपासा. ते असं: वॉलेट सेट करा, शब्द लिहा, पहिला पत्ता वहीत उतरवून ठेवा. मग मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाका. तिसऱ्या चुकीनंतर हे वॉलेट स्वतःला पुसून कोरं होतं. आता कागद पाहून वॉलेटच्याच बटणांनी शब्द भरा आणि वॉलेटच्या आतलं बिटकॉइनचं छोटं ॲप पुन्हा टाका. पत्ता तोच आला तर कागद खरा. आत पैसे नसताना हे केलं की पुढे आयुष्यभर धास्ती नाही.

वाळवीसाठी स्टील. तुमच्या दारव्ह्यात लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरून देणारे दुकानदार असतील. त्यांच्याकडून कोरून घेऊ नका, यंत्र तासाभरासाठी मागून आणा आणि जुन्या स्टीलच्या ताटलीच्या उलट्या बाजूला स्वतः कोरा. पूर्ण शब्द लागत नाही. यादीत एकूण २०४८ शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. क्रम मात्र चुकवू नका.

संत्रा_वरूड

आन् ताई, एकदम सगळे पाठवू नका. आधी थोडेसे पाठवून पाहा, पोचले की मग बाकीचे. एक्स्चेंज कोणत्या नेटवर्कनं, म्हणजे कोणत्या मार्गानं पाठवायचं ते विचारते, तिथं बिटकॉइनचंच निवडा. फी दोनदा कटते, कटू द्या. आपल्याच एक्स्चेंजवरून आपल्याच वॉलेटमध्ये नेणं म्हणजे विक्री नव्हे, पण तारीख आन् आकडा वहीत लिहून ठेवा. विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर लागतो आन् हिशोब मागतात.

सेतूताई_दारव्हा

रविवारी केंद्र बंद ठेवलं. सकाळी लाइन होती तेवढ्यात फोन पूर्ण चार्ज केला आणि डब्यातली केबल ओटीजीला लावली. ॲपनं वॉलेट खरं असल्याचं सांगितलं. शब्द लिहिले, तीनदा चुकीचा पिन टाकला. तेव्हा वॉलेट कोरं झालेलं पाहून हात थरथरला, आत काही नाही हे माहीत असूनही. कागदावरून परत भरलं. पत्ता तोच आला.

मग थोडे पाठवले. मुलीला शेजारी बसवलं. वॉलेटवरचं एकेक अक्षर मी वाचलं, तिनं फोनच्या स्क्रीनवर बोट ठेवून जुळवलं. पाऊण तासानं पोचले. बाकीचे संध्याकाळी पाठवले, पुन्हा तसंच वाचून.

भांडेवाल्यानं यंत्र दिलं, भाडं घेतलं नाही. ताटलीवर कोरायला मंगळवारची रात्र गेली. ती आता कुठं आहे ते मी आणि मुलगी, दोघीच जाणतो.