बाहेर जमिनीत टिकणारी सायक्लेमेन: प्रजाती कशा ओळखायच्या, कुठे आणि किती खोल लावायच्या?

पानगळ

नमस्कार. एका पानगळी झाडाखाली साधारण २ मीटर रुंदीचा तुकडा मोकळा आहे. हिवाळ्यात तिथे तापमान उणे १२ अंशांपर्यंत उतरतं, उन्हाळा कोरडा असतो. माती चिकण आहे, सामू (pH) साडेसातच्या आसपास. तिथे फक्त सायक्लेमेन, म्हणजे कंदातून वाढणारी बुटकी फुलझाडं, लावायची आहेत.

हाताशी तीन कंद आहेत, एकावरही लेबल नाही. पहिला चपटा, खरबरीत, हाताच्या तळव्याएवढा. त्याची सुकलेली मुळं वरच्या बाजूला आणि कडेला दिसतात. दुसरा लहान, गोलसर, मऊ लव असलेला, मुळांचा झुबका खाली मधोमध. तिसरा कुंडीत आहे. पानांवर चंदेरी नक्षी आहे, फुलं अजून आलेली नाहीत.

हे कोणते असावेत? अजून कोणत्या प्रजाती घ्याव्यात? आणि बियांपासून करायचं तर सुरुवात कशी करावी?

मुळाक्षर

वर्णन नेमकं दिलंत, त्यामुळे निम्मं काम झालंच आहे. पानांवरून प्रजाती ठरवायला जाऊ नका. एकाच प्रजातीत पूर्ण चंदेरी, नक्षीदार आणि साधी हिरवी अशी सगळी पानं सापडतात. क्रम असा ठेवा: मुळं कंदाच्या कोणत्या भागातून फुटतात, फूल कोणत्या ऋतूत येतं, पाकळीच्या बुडाशी काय आहे, आणि शेवटी फळाचा देठ कसा गुंडाळला जातो.

पहिला कंद जवळजवळ नक्की हेडेरिफोलियम. वरून आणि कडेने मुळं फुटायची आणि तळ मोकळा राहायचा, ही त्याची खूण. जुन्या लेबलांवर याचंच नाव नेपोलिटानम असं दिसेल. शरद ऋतूत फुलतं, बहुधा पानांच्या आधी. फूल उलटं धरून पाकळ्या मागे वळतात तिथे पाहा: प्रत्येक पाकळीच्या बुडाशी दोन्ही कडांना कानाच्या पाळीसारखे उंचवटे असतात. ते स्पष्ट दिसले की कूम, सिलिसियम, परप्युरासेन्स असे बहुतेक पर्याय बाद होतात.

दुसरा कूम असावा. हिवाळा सरता सरता फुलतो, पानं गोलसर किंवा मूत्रपिंडाच्या आकाराची. फूल बुटकं, पाकळ्या आखूड आणि रुंद. बुडाशी गडद किरमिजी डाग आणि त्याच्या खाली फिकट ठिपका. पाळ्या नसतात. मात्र लव असलेला, खालून मुळं फुटणारा लहान कंद इतरही प्रजातींचा असू शकतो, तेव्हा फूल येईपर्यंत 'बहुधा कूम' असंच लिहून ठेवा.

तिसऱ्यासाठी कुंडी हलकेच उलटी करा, मातीचा गोळा अखंड बाहेर येऊ द्या आणि मुळं कुठून निघालीत ते बघा. अख्ख्या पृष्ठभागावरून निघाली असतील आणि पानं उन्हाळ्यातही टिकत असतील तर परप्युरासेन्स. पानं मोठी, फूल लांब पाकळ्यांचं आणि फळ धरल्यावर देठ गुंडाळला न जाता नुसता खाली वाकत असेल तर ते पर्सिकम. कुंडीतून सर्रास विकलं जातं ते हेच. उणे १२ अंशांत ते जाणारच, त्याला बाहेर लावू नका.

खडीमाती

मुळाक्षर यांच्याशी सहमत. देठाच्या खुणेत थोडी भर घालतो. बहुतेक प्रजातींत परागण झाल्यावर देठ फळाच्या बाजूने, म्हणजे वरून खाली गुंडाळत येतो आणि फळ मातीला टेकतं. ग्रीकममध्ये गुंडाळी खालून किंवा मध्यातून सुरू होते. हेडेरिफोलियमसारख्याच पाळ्या ग्रीकमलाही असतात, म्हणून ही खूण उपयोगी पडते. शिवाय ग्रीकमची मुळं खाली मधोमध, जाड आणि मांसल असतात. त्याला उन्हाळ्यात कंद तापेल अशी कोरडी जागा लागते. झाडाखालच्या सावलीत ते नुसती पानं देत राहील, फुलणार नाही.

आफ्रिकानम हा आणखी एक घोटाळ्याचा विषय. पानं आणि फुलं हुबेहूब हेडेरिफोलियमसारखी, पण थंडी सोसत नाही. फरक मातीखाली आहे: हेडेरिफोलियमचे देठ कंदातून निघून आधी आडवे सरपटतात, मग वर येतात. आफ्रिकानमचे देठ थेट सरळ वर उभे राहतात. कंदाच्या माथ्यावरची माती बोटाने बाजूला केली तर हे दिसतं. दोघांचे संकरही होतात, म्हणून नाव नसलेला कंद पहिला हिवाळा कुंडीत, थंडीपासून आडोशाला काढू द्या.

शरद ऋतूत फुलणाऱ्या लहान प्रजातींबद्दल: सिलिसियम, मिराबिले आणि इन्टॅमिनाटम या तुर्कस्तानातल्या तिन्ही प्रजाती पाळ्यांशिवायच्या आहेत. पाकळीचं टोक भिंगातून पाहा. कड बारीक दातेरी असेल तर मिराबिले. त्याची कोवळी पानं कित्येकदा वरून गुलाबी छटेची असतात. कड सरळ आणि बुडाशी किरमिजी डाग असेल तर सिलिसियम. डाग अजिबात नाही, फूल इवलंसं, पांढरं ते फिकट गुलाबी आणि राखाडी शिरांचं असेल तर इन्टॅमिनाटम.

सावलीतली_बाग

आता जागेचं बघू. उणे १२ साठी हेडेरिफोलियम, कूम आणि परप्युरासेन्स या तिघांवर भर द्या. सिलिसियम चांगल्या निचऱ्याच्या, वाऱ्यापासून आडोशाच्या कोपऱ्यात चालेल. वसंतात फुलणारं रेपांडम सुरेख आहे, पाकळ्या पिळदार आणि सुवास छान, पण त्याची पानं पातळ असतात. ते खोल लावून वर पालापाचोळ्याचा थर द्यावा लागतो.

चिकण मातीत खड्डा काढून त्यात हलकं मिश्रण भरू नका. आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यातच साचतं आणि कंद खालून कुजतो. त्याऐवजी जमिनीवरच १० ते १५ सेंटिमीटर उंच वाफा करा: एक भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा, एक भाग ३ ते ६ मिलिमीटरची धारदार खडी. खोडाला टेकून भर घालू नका, साल कुजते. झाडाची जाड मुळं तोडू नका. उन्हाळ्यात ती मुळं वाफ्यातलं पाणी ओढून घेतात, आणि हेडेरिफोलियम नि कूमला विश्रांतीत (पानं वाळून कंद सुप्त असताना) नेमकं तेच सोसतं.

खोली: कूम आणि सिलिसियमच्या माथ्यावर २ ते ३ सेंटिमीटर माती, हेडेरिफोलियमवर ३ ते ५, रेपांडमवर १० च्या आसपास. हेडेरिफोलियमची मुळं वरच्या बाजूला असल्याने त्याचा माथा उघडा ठेवला तर मुळं सुकतात. दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. जुने कंद २५ सेंटिमीटरपेक्षाही रुंद होतात.

पानगळ

खूप आभार. कुंडी उलटी करून पाहिली. तिसऱ्याची मुळं सगळीकडून निघाली आहेत, म्हणजे परप्युरासेन्स धरून चालतो. तिन्ही एकाच वाफ्यात चालतील का?

सावलीतली_बाग

एकमेकांत मिसळून नको. हेडेरिफोलियमची पानं शरद ऋतूपासून वसंतापर्यंत दाट पसरतात आणि बुटक्या कूमला झाकून टाकतात. काही वर्षांत कूम दिसेनासं होतं. वाफ्याच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये अर्धा मीटर मोकळा.

परप्युरासेन्सचं गणित वेगळं आहे. ते आल्प्सकडच्या चुनखडीच्या जंगलांतलं, त्याला पूर्ण विश्रांती नसते आणि ते ऐन उन्हाळ्यात फुलतं. खोडाजवळच्या कोरड्या पट्ट्यात ते आक्रसत जाईल. वाफ्याच्या सावलीतल्या बाहेरच्या कडेला लावा आणि उन्हाळ्यात माती किंचित ओलसर ठेवा.

खडीमाती

परप्युरासेन्सची खोली वर राहून गेली. ५ ते ८ सेंटिमीटर ठेवा, खाली गारवा टिकतो. तुमचा सामू त्याला मानवेल, चुना घालायची गरज नाही.

मुळाक्षर

आता बिया. शरद ऋतूत फुललेल्या हेडेरिफोलियमची फळं थेट पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिकतात, कूमचीही त्याच सुमारास. परप्युरासेन्सला जवळपास वर्ष लागतं. फळ रोज चिमटीत दाबून पाहा. टणकपणा जाऊन मऊ लागलं की एक-दोन दिवसांत टोकाशी उकलतं आणि आत तपकिरी, चिकट बिया दिसतात. तेव्हाच काढा. उशीर झाला तर बियांवरच्या गोड आवरणासाठी मुंग्या त्या उचलून नेतात. फरशीच्या फटींत अचानक रोपं उगवतात ती याच कारणाने.

ताज्या बिया लगेच पेरा. सुकलेल्या असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून २४ तास भिजवा आणि नंतर धुऊन घ्या. ९ सेंटिमीटरच्या कुंडीत वर सांगितलेलंच मिश्रण चाळून भरा, बिया एकमेकींपासून दीड सेंटिमीटरवर ठेवा आणि वर १ सेंटिमीटर बारीक खडीचा थर द्या. हा थर प्रकाश अडवतो आणि शेवाळही रोखतो. एकदा तळातून पाणी द्या, कुंडी अंधारात ठेवा.

तापमान १५ अंशांच्या आसपास असू द्या. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते: लवकर उगवाव्यात म्हणून कुंडी उबदार जागी ठेवली जाते, आणि २० अंशांच्या वर बिया गप्प बसतात. योग्य गारव्यात साधारण दीड-दोन महिन्यांत उगवतात, जुन्या बियांना पुढचा शरदही लागू शकतो. वर्षभर कुंडी रिकामी करू नका. आधी मातीखाली मोहरीएवढा कंद तयार होतो, मग एकच पान वर येतं. तेवढंच आलं म्हणून रोप खुरटलं असं समजू नका. ते दिसलं की कुंडी उजेडात आणा.

पहिल्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली तरी कुंडी खडखडीत वाळू देऊ नका, इतक्या लहान कंदात साठा नसतो. दुसऱ्या हंगामानंतर वेगळी करा. फुलं साधारण तिसऱ्या वर्षी येतात.

सावलीतली_बाग

रोगराईबद्दल थोडं. झाड उभ्या उभ्या मलूल झालं आणि पान ओढताच देठासकट हातात आलं, तर कंद उकरून बघा. पाय नसलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी दिसली तर ती वाइन वीव्हिलची. ती कंद पोखरते. प्रौढ भुंगा रात्री पानांच्या कडा कातरतो. उन्हाळा संपता संपता माती ओलसर आणि उबदार असताना उपयुक्त सूत्रकृमी (अळी मारणारे सूक्ष्म कृमी) पाण्यातून द्या. स्टाइनरनेमा क्राउसेई ही जात ५ अंशांपर्यंतच्या मातीत काम करते. नंतर दोन आठवडे माती सुकू देऊ नका, नाहीतर सूत्रकृमी मरतात.

राखाडी बुरशी मेलेल्या देठांवर बसते. सुकलेलं पान कात्रीने कापू नका, खुंट राहतो आणि तिथूनच कूज कंदात उतरते. पिळा देऊन बुडापासून ओढा. गळलेली मोठी पानंही कूमवर साचू देऊ नका; चुरून पसरा, हात-दीड हाताचे ढीग नकोत. खत हलकं द्या: नत्र कमी, पालाश जास्त, पानं वाढत असताना महिन्यातून एकदा अर्ध्या ताकदीचं. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला बळी पडतात.

खडीमाती

नवीन झाडं घेताना सुके कंद टाळा. फार वाळलेला कंद कित्येकदा वर्षभर हलत नाही, आणि तो जंगलातून खणून आणलेला नाही याची खात्री नसते. सायक्लेमेन साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे देशाबाहेरून मागवताना परवान्याची चौकशी आधी करा. पानांसकट, कुंडीत वाढलेलं रोप घ्या, म्हणजे मुळंही तपासता येतात. कंद विषारी असतो, कुत्री-मांजरं उकरत असतील तर वाफ्यावर जाळी अंथरा.

पानगळ

एक शंका उरली. हेडेरिफोलियमचा कंद पूर्ण सुकलेला आहे, वरची बाजू नक्की कोणती हे कसं ठरवू?

मुळाक्षर

जुन्या देठांचे लहान लाकडासारखे खुंट जिथे एकवटलेत ती वरची बाजू, मग मुळं तिथेच दिसली तरी गोंधळू नका. तळ गुळगुळीत आणि बहिर्वक्र असतो. खुंट सापडलेच नाहीत तर कंद ओलसर खडीवर सावलीत दोन-तीन आठवडे ठेवा, गुलाबी कोंब दिसतील ती बाजू वर करून लावा. तरीही कळेना तर कडेवर आडवा लावा. कोंब वळून वर येतात.