शेतराखणीच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा कशासाठी?

वारणाकाठ (शिराळा): निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक आणून जमा करा. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. चांदोलीच्या बाजूला भात पिकायचे आणि कापणीचे हेच दिवस. डुकरांचा कळप शिरला की लोंब्या खातो थोड्या, लोळून नासधूस जास्त करतो. सकाळी बांधावर जावं तर भात आडवा, मध्ये मध्ये मुसंडीनं उकरलेले खड्डे आणि त्यात साठलेलं पाणी.

शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ वाचा. खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायची) बंदूक मागितली, तर नकाराचं कायदेशीर कारण नसल्यास परवाना द्यायचा, असं त्यात आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनाही सरसकट नाहीत. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीनं परवानाधारकांचा आढावा घ्यायचा. जामिनावर सुटलेले, गुन्हे नोंद असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीतल्या, नाव आलेले, अशांवर मुख्य नजर. म्हणजे माणूस बघून ठरवायचं. मग गावातल्या सगळ्यांना एकच नोटीस का?

निवृत्त हवालदार (कराड): दादा, कागदावर तुमचं बरोबर आहे. पण एका बीट अंमलदाराकडे किती गावं असतात बघा. कुणाचं भावकीत बांधावरून वाकडं आहे, कोण कुणाच्या गटाचा, हे सगळं रेकॉर्डवर नसतं. निवडणुकीत जुनी भांडणं उकरली जातात आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही तोच रात्री दारू पिऊन बंदूक काढतो. ठासणीची असली म्हणून काय, जवळून छऱ्यांनी माणूस मरतोच. पीक गेलं तर भरपाई मागता येते. माणूस गेल्यावर कुणाकडे मागायचं? कायद्याचा रोखही बघा: २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. मी सरसकट जमा करण्याच्याच बाजूचा.

कोयनाकाठ (पाटण): मी शेतकरीच, तरी वारणाकाठांशी सहमत नाही. गव्यावर गोळी झाडता येत नाही, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. डुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. मग राहिलं काय, हवेत बार काढणं. ते काम फटाके करतात. आमच्याकडे सौर कुंपण घातलेल्या शेतात कळप फिरकत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांना कुंपणाचं अनुदान वेळेवर मिळावं म्हणून भांडा. बंदुकीसाठी भांडून उद्याचं पीक वाचणार नाही.

वारणाकाठ: फटाक्याला डुक्कर चार दिवसांत सरावतं, माळ्यावर रात्र काढणाऱ्याला विचारा. सौर कुंपण चांगलं, पण खंडानं कसणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यानं अनुदान कुणाच्या नावानं मागायचं? आणि हवालदार साहेब, जीवाचंच बोलायचं तर हेही धरा: राखणीला काही उरलं नाही की काहीजण तारेत थेट वीज सोडतात. पहाटे पाणी धरायला आलेला शेजारी त्याला चिकटतो. परवान्याच्या बंदुकीची ठाण्यात नोंद तरी असते. त्या तारेची कुणाकडे आहे?

निवृत्त हवालदार: वीज सोडणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, व्हायलाच पाहिजे. पण त्या भीतीपोटी मतदानाच्या आदल्या रात्री गावात बंदुका ठेवा, हे मला पटणार नाही. फार तर एक मान्य करतो. ज्याच्यावर गुन्हा नाही, वस्ती गावाबाहेर आहे आणि पीक उभं आहे, त्याचा अर्ज समितीनं वेगळा बघावा. मात्र गाव संवेदनशील यादीत असेल तर कुणालाच सूट नको.

वकील (सांगली): तो अर्ज आचारसंहिता लागल्याबरोबर द्या, ठाण्याचा निरोप येईपर्यंत थांबू नका. सोबत सातबारा, पीकपाहणीची नोंद, परवान्याची प्रत, आधीच्या नुकसानीचे पंचनामे. खंडकऱ्यानं मालकाचं संमतिपत्र जोडावं. नकार आला तर कारणासह लेखी मागा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तोच कागद लागेल. बंदूक जमा केलीत तर पावतीवर नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. निकालानंतर परत घेताना दस्ता फुटलेला निघाला, तर वाद त्या पावतीवरच मिटतो.

कोयनाकाठ: संमतिपत्र कुठला मालक देतो? लिहून दिलं की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती सगळ्यांना आहे. आमच्याकडे तरी खंडाचा सगळा व्यवहार तोंडीच चालतो. यावर वकील साहेबांनी काही मार्ग सांगावा.